फितीच्या पुढं

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. तेराव्याला घरी माणसं जमली आणि तिच्याबद्दल चांगलं चांगलं बोलली. कुणी म्हणालं सोशिक होती, कुणी म्हणालं अबोल होती, कुणी म्हणालं साक्षात अन्नपूर्णा. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो आणि मला राग येत होता. यातलं एकही खरं नाही. सोशिक ती नव्हती, माझ्या आयशीचं सुद्धा ऐकून घ्यायची नाही. भाकरी जाड थापायची आणि एका बाजूनं करपवायची. आणि तिला अबोल म्हणणाऱ्याला तर तिनं जागेवर सुनावलं असतं. माणूस मेलं की लोक त्याला दुसऱ्याच कुणाचे कपडे घालतात.

म्हणून मी लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. चुकेल तिथं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, नाहीतर वाचू नये. मी एका शर्यतीचं सांगणार आहे. ती कशी बाई होती ते त्यात आपोआप येईल.

आम्ही कळव्याचे. आता तिथं इमारतीला इमारत लागलीय, पण तेव्हा घरं थोडी, मागं भातशेती आणि पुढं खाडीपर्यंत सगळी मिठागरं. माझा बापूस मिठागरावर, त्याचा बापूस मिठागरावर, मी पण तिथलाच. पावसाळ्यात मीठ बंद. तेव्हा मी खाडीवरचा पूल ओलांडून ठाण्याला कापडगिरणीत बदलीवर जायचो. पाऊस सरला की परत मीठ.

मीठ वाहायची एक रीत असते, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वाफ्यातून ओढलेलं ओलं मीठ टोपलीत भरायचं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि बांधावरून मिठाच्या रासेपर्यंत पळत सुटायचं. चालायचं नाही. चाललं की मिठाचं पाणी मानेवरून पाठीत उतरतं आणि अंगाची आग होते. बांध जेमतेम पाऊल मावेल एवढा, दोन्ही बाजूंना खारं पाणी. डोक्यावर ओझं असलं की खाली बघता येत नाही. रास कुठवर आली, तिच्या पायाशी कोण वाकलंय, हे ओझेवाल्याला दिसतच नाही. म्हणून रासेजवळ एक बाई उभी असते. ओझेवाला जवळ आला की ती ओरडते, ‘पुढं! पुढं! पुढं!’ आणि नेमक्या जागी आला की ओरडते, ‘टाक!’ मग टोपली टाकायची. तिनं टाक म्हणेपर्यंत थांबायचं नाही. आणि ती गप्प असली तर पुढं जायचं नाही. गप्प असली म्हणजे समोर काहीतरी आडवं आहे. तेव्हा पाय आखडतात आणि दोन्ही हात टोपलीच्या काठाला जातात. हे कुणी शिकवत नाही. लहानपणापासून अंगात मुरतं.

रासेवरच्या बाईला नातं नसतं. घरात सासऱ्यासमोर पदर ढळू न देणारी सून तिथं सासऱ्यालाही ‘टाक!’ म्हणते, आणि सासरा निमूट टाकतो. आमचं लग्न झालं आणि हळद अंगावर असतानाच बायको रासेवर उभी राहिली. पहिल्यांदा ‘टाक!’ ओरडली तर शेजारच्या मिठागरातल्या माणसानं टोपली टाकली. भर बांधावर. त्याचं मीठ परत पाण्यात गेलं. तिथला मुकादम भांडायलाच आला.

‘कुनाची रं ही बाय?’

बापूस कमरेवर हात ठेवून म्हणाला, ‘आमची.’

आता शर्यतीचं. गिरणीत दरसाल खेळ व्हायचे. पळणाऱ्याला त्या दिवशी साच्यावरच्या कामातून सुट्टी, म्हणून मी नाव दिलं. दुसरं कारण नव्हतं. शंभर मीटर म्हणजे किती तेही माहीत नव्हतं. चुन्याच्या रेघा मारलेल्या, पलीकडं दोन माणसं लोकरीचा धागा धरून उभी. त्याला फीत म्हणतात. बार झाला आणि मी सुटलो. डोक्यावर ओझं नाही, पायाखाली बांध नाही, रुंदच्या रुंद मैदान. मला हसू यायला लागलं. पळणं इतकं सोपं असतं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सगळे मागं पडले. आणि फीत दहा पावलांवर आली तसे माझे पाय आखडले, हात वर गेले, आणि मागचे तिघं मला ओलांडून गेले.

लोक पोट धरून हसले. मी पण हसलो. पण पुढच्या शर्यतीत तेच. त्याच्या पुढच्या शर्यतीतही तेच. मग मला हसू येईना. नव्वद पावलं पहिला आणि दहा पावलांत चौथा. खात्यातले लोक मला नव्वदराव म्हणायला लागले. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी हाक मारायचं, ‘नव्वदराव, डबा संपवणार की थोडा ठेवणार?’

गिरणीच्या खेळाडूंना शिकवायला डोंबिवलीहून एक मास्तर यायचे. शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले, धोतरावर कोट, गळ्यात शिट्टी. फार सरळ माणूस. त्यांनी मला सोडलं नाही. ‘तुम्ही घाबरता का?’ असं पहिल्यांदा विचारलं. मला कुणी अहोजाहो करत नसे, त्यामुळं मी आधी मागं वळून बघितलं. म्हटलं, ‘नाही.’ ‘दमता का?’ ‘नाही.’ मग त्यांनी शेवटची रेघ मला न सांगता दहा पावलं पुढं नेली. मी ती नवी रेघ ओळखली आणि तिच्या दहा पावलं अलीकडं थांबलो. मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली.

‘अहो, हा काय प्रकार आहे?’

‘मला ठाऊक असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो, मास्तर?’

स्वराज्य येऊन पाचसहा वर्षं झाली असतील, तेव्हा आशियातल्या आठदहा देशांच्या कामगारांचे सामने मुंबईत भरणार असं ठरलं. सिलोन, ब्रह्मदेश, इराण, जपान, सगळीकडचे पळणारे येणार होते. इकडच्या गिरण्या-कारखान्यांतून दोघांना शंभर मीटरसाठी निवडलं. मी दुसरा आलो होतो म्हणून निवडलो गेलो. म्हणजे शेवटी थांबूनही दुसरा. त्यावर गिरणीत दोन तट पडले. एक म्हणायचा, याच्यासारखा वेग कुणाचा नाही. दुसरा म्हणायचा, गिरणीच्या गिरणीत हसं झालं ते पुरे, आता परदेशी लोकांसमोर कशाला?

मला सामन्याचं भय नव्हतं. पदक कसं असतं तेही बघितलं नव्हतं. मला एकच हवं होतं. ती लोकर एकदा माझ्या छातीला लागायला हवी होती. इतक्या शर्यती पळालो, पण फीत कशी लागते ते मला माहीत नव्हतं. माझ्या आधी दुसराच कुणीतरी ती तोडायचा आणि मी जाईपर्यंत ती जमिनीवर पडलेली असायची. बायकोला मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘घरात लोकर आनून बांधू काय? दारातच तोडा.’ पण रात्री तिला झोप नव्हती, ते मला कळत होतं.

मीठ सुरू झालेलं. एक दिवस मास्तर छत्री घेऊन मिठागरावर हजर. ठाण्याला उतरून पूल ओलांडून चालत आलेले. म्हणाले, ‘तुम्ही तुमचं काम करा, मी नुसता बसतो.’ बापसानं त्यांना उलटी टोपली बसायला दिली. मास्तर उन्हात छत्री उघडून बसले आणि आमच्या खेपा बघत राहिले. दुपार झाली. मग एकदम उठले आणि धोतर सावरत रासेकडं पळत गेले. बायकोला म्हणाले, ‘बाई, पुढच्या खेपेला तुम्ही काही बोलू नका.’

‘का?’

‘माझ्यासाठी.’

मी ओझं घेऊन येत होतो. मला यातलं काही माहीत नाही. ती गप्प. माझे पाय आखडले, हात टोपलीला गेले, मी उभा राहिलो आणि ओरडलो, ‘काय मेलीस काय गं?’

मास्तर टाळ्या वाजवत होते. त्या वयाच्या माणसाला असा नाचताना मी कधी बघितला नव्हता. ‘सापडलं! अहो, सापडलं! तिथं तुम्हाला कुणी हाक मारत नाही, म्हणून तुम्ही थांबता!’

मला कळायला थोडा वेळ लागला. बायकोला लगेच कळलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘म्हंजे ह्यांना पळवायला पण मीच पायजे?’

मग रोज संध्याकाळी काम आटोपलं की ती माझ्याबरोबर पूल ओलांडून गिरणीच्या मैदानावर यायची. रेघेच्या पलीकडं उभी राहायची आणि ‘पुढं! पुढं!’ करायची. आणि मी रेघ ओलांडून जायचो. पहिल्या दिवशी मी रेघ ओलांडली तेव्हा मास्तरांनी घड्याळ बघितलं, कानाला लावलं, चालू आहे ना बघितलं, आणि मला परत पळायला लावलं. गिरणी सुटली की लोक कुंपणाला येऊन उभे राहायचे. मला बघायला नाही, तिला ऐकायला. कुणीतरी टोमणा मारलाच, ‘वहिनी, घरी पण असंच ओरडता का?’ ती तिथूनच म्हणाली, ‘घरी वरडाया लागत नाय. घरी नुसती बगते.’

सामन्याचा दिवस आला. सकाळी पहिल्या फेऱ्या, दुपारी शेवटची शर्यत. सकाळी तिला येता आलं नाही, आदल्या दिवसाचं मीठ रासेवर घालायचं राहिलं होतं. मी एकटा मास्तरांबरोबर गेलो. मैदान एवढं मोठं की आमचं अख्खं मिठागर त्यात मावलं असतं. निरनिराळे झेंडे, बँड, कर्णे. माझ्या बाजूला जपानचा एक पोरगा होता, पाय असे की घोड्याचे. त्यानं माझे अनवाणी पाय बघितले. गिरणीनं खिळ्यांचे बूट दिलेले, पण ते बोटांना चावत होते, म्हणून मी ते मास्तरांच्या पिशवीत टाकून दिलेले.

पळालो. नव्वद पावलं सगळ्यांच्या पुढं. मग तेच. पाय आखडले, हात वर. जपानचा गेला, सिलोनचा गेला. तिघांना शेवटच्या शर्यतीत घेणार होते, मी तिसरा. केसाच्या अंतरानं आत आलो. जपानी पोरगा माझ्याकडं वळून वळून बघत होता, की हा थांबला का? मास्तरांनी मला पाणी दिलं. आमच्या गिरणीचे कुणीतरी गर्दीत होते, त्यांनी हाक मारलीच, ‘नव्वदराव, परदेशी लोकांसमोर पण नाव काढलंत!’

दुपारी ती आली. एकटी नाही, मिठागरावरच्या चार बाया बरोबर. हिरवं लुगडं, कासोटा घट्ट मारलेला, हातात भाकरीचं फडकं. मी काही सांगायच्या आत माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, ‘थांबलात.’

‘थांबलो.’

‘आता नाय थांबनार.’ आणि चालत सुटली ती थेट फीत धरतात तिथं.

तिथं कोट घातलेले, छातीला बिल्ला लावलेले एक साहेब होते. ते लगबगीनं पुढं आले. मी आणि मास्तर मागून पळतोय.

‘बाई, इथं उभं राहता येणार नाही.’

‘का? मी काय तुमच्या डोक्यावर उभी हाय?’

‘आत फक्त पंच आणि खेळाडू.’

‘मी ह्यांची बायको हाय.’

‘इथं बायकोला परवानगी नाही.’

‘लग्न लावताना कुनी बोल्ला नाय तसा.’

मास्तरांनी मध्ये पडून साहेबांना सगळं समजावून सांगितलं. मीठ, रास, हाक, सगळं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, त्याला हसूही आलं. पण म्हणाला, ‘मास्तर, मैदानात उभं राहून पळणाऱ्याला मदत करणं नियमात बसत नाही. तुमचा माणूस जिंकला तरी बाद होईल. मैदानाबाहेरून कुणी काय ओरडतं त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही.’

‘भायेर म्हंजे कुठं?’ बायकोनं विचारलं.

साहेबानं हात केला. पळायची सरळ पट्टी जिथं संपत होती, तिच्या बरंच मागं, अगदी समोर, एक मोठं फाटक होतं. बँडची लॉरी आत आलेली म्हणून ते सताड उघडं. ‘त्या फाटकाच्या बाहेर.’

तिनं फाटकाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. ‘बरा,’ म्हणाली, आणि चार बायांना घेऊन निघून गेली. मास्तर म्हणाले, ‘रागावल्या वाटतं.’ मी म्हटलं, ‘ती रागावली असती तर साहेब इथं उभा नसता.’ पण मला काळजी लागली. फाटक फितीपासून फार लांब. तेवढ्या लांबून, त्या बँडच्या आणि कर्ण्याच्या गोंगाटात, कुणाचा आवाज येणार?

आम्हाला रेघेवर बोलावलं. तेव्हा जमिनीत पाय रोवायला खुरप्यानं खळगे करायचे. मी माझा खळगा केला. वर बघितलं. माझी पट्टी कडेची, फाटकाच्या बरोबर समोर. सरळ रेषेत पांढरा लोकरीचा धागा, आणि त्याच्या मागं लांब, फाटकाच्या चौकटीत, एक हिरवा ठिपका. रास तिथं होती. फितीजवळ नव्हतीच.

बार झाला.

सुरुवात माझी वाईट झाली, जपानचा एक पाऊल पुढं निघाला. मग मी त्याला गाठला. मध्यावर मी सगळ्यांच्या पुढं होतो. मग नव्वद पावलं झाली आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं, एवढा कल्लोळ की कुठला आवाज कुठला ते कळेना, आणि मला ते अंगात उतरताना कळलं. पाय जड व्हायला लागले. हात वर जायला लागले. जपान्याचा श्वास माझ्या कानाशी आला. मी मनात म्हटलं, गेलं.

आणि आवाज आला.

‘पुढं!’

खाडीवरच्या वाऱ्याला चिरून जाणारा आवाज तो, त्याला बँड काय करणार. ‘पुढं! पुढं! पुढं!’ तिच्या मागून चार बायांचा. माझे हात खाली आले. पाय सुटले. छातीला काहीतरी लागलं, कोळ्याचं जाळं लागावं तसं, पण मी तिकडं बघितलं नाही. ओझेवाला खाली बघत नाही. समोर हिरवं लुगडं मोठं मोठं होत होतं आणि ‘पुढं, पुढं’ चाललेलं, आणि मी पळत होतो.

आता तिनं टाक म्हणायला हवं होतं. पण तिनं फीत तुटलेली बघितली आणि ती सगळं विसरली. तोंडावर पदर दाबून ती नुसती रडत-हसत होती, आणि बाकीच्या बाया भान सुटून ‘पुढं! पुढं!’ करतच होत्या. मी काय करणार? मी फाटकातून बाहेर गेलो. तिला ओलांडून गेलो. समोर रस्ता, रस्ता ओलांडला. पलीकडं उसाच्या रसाची गाडी. अर्धी चड्डी घातलेला, अनवाणी, घामानं निथळणारा माणूस जीव घेऊन पळत येताना बघून रसवाला ओरडला, ‘अरे पकडा! चोर!’ दोघा माणसांनी मला दंडाला धरलं. त्या शर्यतीत मला थांबवलं ते त्यांनी.

‘काय चोरलंस रे?’

मला धाप लागलेली, बोलता येईना. मग ती पळत आली. त्या दोघांना म्हणाली, ‘सोडा त्यांना! देशासाठी पळतात ते!’ रसवाला म्हणाला, ‘मग रस्त्यावर कशाला पळतायत?’

मी तिला विचारलं, ‘काय झालं गं?’ मला खरंच माहीत नव्हतं. तिनं माझ्या छातीकडं हात नेला. घामाला पांढरी लोकर चिकटलेली, लांबच लांब, अर्धी खांद्यावरून मागं लोंबत होती. ती तिनं हळूच सोडवून माझ्या समोर धरली.

‘अवं, पयले आलात तुमी.’

मी तो धागा हातात घेतला. मऊ होता. एवढा मऊ असेल असं वाटलं नव्हतं. मी तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसलो. ती पण शेजारी बसली. रसवाल्यानं न मागता दोन गलास आणून दिले आणि म्हणाला, ‘आधी सांगायचं ना, दादा.’

तेवढ्यात आत कर्ण्यावर माझं नाव पुकारायला लागले. एकदा, दोनदा, चारदा. विजेत्यानं चौथऱ्याजवळ यावं. विजेता बाहेर रस पीत बसलेला. आम्ही घाईघाईनं उठून फाटकाशी गेलो, तर एव्हाना बँडची लॉरी निघून गेलेली आणि फाटक बंद. मिशीवाला दरवान आडवा.

‘तिकीट?’

‘अरे, मी आत पळत होतो.’

‘सगळेच आत पळतात. तिकीट दाखवा.’

मी छातीवरचा नंबर दाखवला. तो म्हणाला, ‘नंबर आहे, तिकीट कुठंय?’ आत कर्णा माझ्या नावानं ओरडतोय. बायको म्हणाली, ‘ऐकू येतो ना? तो ह्यांनाच बोलवतो.’ दरवान म्हणाला, ‘बोलवू दे. मला लेखी हुकूम आहे.’ तिनं लोकर त्याच्या नाकासमोर धरली. ‘ही बग. ही कुनाच्या घरातून आनली काय आमी?’

तेवढ्यात आतून मास्तर धावत आले, धोतराचा सोगा हातात, चष्मा कपाळावर. त्यांच्या मागं तो बिल्लेवाला साहेब. दरवानाला बाजूला केलं. साहेब मला म्हणाला, ‘चला, चला, सगळे थांबलेत.’ मी आत गेलो. ती मागून यायला लागली तसा दरवान परत आडवा. ‘बाईंना पास नाही.’

मी थांबलो. आता मला कुणी हाक मारली तरी मी हलणार नव्हतो. म्हटलं, ‘साहेब, ही आली तर मी येतो. नाहीतर ते पदक जपानच्या पोराला द्या, त्याला पण गरज आहे.’

साहेबानं तिच्याकडं बघितलं. मघाचं सगळं त्याच्या लक्षात होतं. दरवानाला म्हणाला, ‘सोडा. बाईंनी नियम पाळलाय. मी बाहेर जायला सांगितलं, त्या बाहेर गेल्या.’

मग मला तीन पायऱ्यांच्या लाकडी चौथऱ्यावर मधल्या जागी चढवलं. एका बाजूला जपानचा, एका बाजूला सिलोनचा. जपानी पोरानं खाली वाकून नमस्कार केला आणि माझ्या पायांकडं बोट दाखवून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. काय ते मला आजवर कळलं नाही, पण चांगलं होतं. झेंडा वर गेला, बँड वाजला. माझ्या गळ्यात पदक. मी समोर बघत होतो. मास्तर रुमालानं चष्मा पुसत होते, पुसून झाला की परत पुसत होते. आणि त्यांच्या शेजारी ती, ताठ उभी, पायाला मिठागरातला चिखल वाळलेला. एक परदेशी पाहुणा तिच्याजवळ येऊन इंग्रजीत काही विचारू लागला. मास्तरांनी तिला मराठीत सांगितलं, ‘तुम्ही कोण म्हणून विचारतायत.’

ती म्हणाली, ‘सांगा, मी पलीकडं उभी होती.’

मास्तरांनी इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे. त्या पाहुण्यानं टोपी काढली.

सगळे आम्हाला जेवायला थांबा म्हणत होते. ती थांबायला तयार नव्हती. संध्याकाळी भरती येणार होती, खाडीचं पाणी वाफ्यात शिरू नये म्हणून बांधातल्या उघाडीच्या फळ्या लावायच्या होत्या, आणि बापूस एकटा होता. ‘पानी काय तुमचा पदक बगून थांबनार हाय?’ म्हणाली. म्हणून निघालो. ठाण्याला उतरलो तेव्हा गिरणीच्या लोकांना कुठून कळलं होतं कोण जाणे, फलाटावर गर्दी. सकाळी टोमणा मारणारा पण त्यात होता, त्यानं मला खांद्यावर घेतलं. बाहेरपर्यंत नेलं. मी त्याला म्हटलं, ‘नव्वदच पावलं ने हां.’ तो म्हणाला, ‘गप बस, शंभरराव.’

गर्दी मागं राहिली. आम्ही पुलावर आलो तेव्हा सूर्य खाडीत उतरत होता आणि पाणी चढायला लागलेलं. पलीकडं बांधावर बापूस वाकून फळी बसवत होता, बोटभर दिसत होता. ती पुलाच्या मधोमध थांबली. कठड्याला हात टेकले आणि ओरडली.

‘पयले आले!’

बापूस सरळ झाला. तिकडून त्याचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. ‘कोन?’

‘तुमचा पोऱ्या!’

बापूस परत वाकला, फळी ठोकली. मग त्यानं विचारलं, ‘मंग येवढा उशीर कशाला?’

ती एवढी हसली, एवढी हसली, की कठड्याला धरून खालीच बसली. मला म्हणाली, ‘हात द्या.’ मी हात दिला आणि आम्ही फळ्या लावायला पळालो.